आजीचे आजोबा वेल्सचे होते: एका जोन्सचा माग कसा काढावा

इतर वाचकांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुमच्या आजीचे आजोबा, डेव्हिड जोन्स, वेल्सहून आले आणि जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत इगतपुरीला इंजिन ड्रायव्हर होते. घरात त्यांच्या मोजक्याच खुणा उरल्या आहेत. एक 1884 सालचा लग्नाचा दाखला, त्यात वय 29 आणि वडिलांचं नाव जॉन जोन्स. दुसरं, वेल्श भाषेतलं जुनं बायबल. त्याच्या कोऱ्या पानावर शाईने फक्त 'डेव्हिड जोन्स, पान्टग्लास' एवढंच लिहिलं आहे. आणि आजीकडून ऐकलेल्या दोन गोष्टी: ते वेल्समधल्या मर्थरचे होते, आणि त्यांच्या वडिलांकडे मेंढ्या होत्या. त्यांच्या मुलाचं, म्हणजे आजीच्या वडिलांचं, पूर्ण नाव विल्यम प्यू जोन्स. वंशावळीच्या एका संकेतस्थळावर तुम्ही 'डेव्हिड जोन्स, वेल्स, 1855' असा शोध घेतलात तर हजारो नावं आली. त्यातच कुणीतरी तयार केलेल्या वंशवृक्षात 'भारतात गेला' असा शेरा असलेला एक डेव्हिड जोन्स मिळाला. तो आपलाच धरायचा का, हा तुमचा प्रश्न.

इतक्यात धरू नका. मी कार्डिफला राहते आणि वेल्श घराण्यांचा शोध घेण्याचं काम बरीच वर्षं करते आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक लोकांनी असाच एखादा तयार वृक्ष आधीच उचललेला असतो. मग तीन-चार पिढ्यांचं काम पुसून पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. तुमच्या हातात मात्र इतरांपेक्षा खूप जास्त आहे, आणि ते तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. पान्टग्लास आणि प्यू हे दोन शब्द मला त्या दाखल्याइतकेच मोलाचे वाटतात.

खरी अडचण अशी की वेल्समध्ये नावावरून माणूस ओळखू येत नाही. जोन्स, विल्यम्स, डेव्हिस, इव्हान्स, थॉमस, रॉबर्ट्स, ल्युइस, ह्यूज ही मूठभर आडनावं घेतली की वेल्समधली निम्मी हजेरी लागते. नावांचंही तेच, पुरुष घ्या तर जॉन, डेव्हिड, विल्यम, थॉमस, इव्हान. एकाच चर्चच्या हद्दीत (पॅरिशमध्ये) एकाच वयाचे तीन डेव्हिड जोन्स असणं ही इथली रोजची गोष्ट आहे, आणि त्या तिघांच्याही वडिलांचं नाव जॉन असू शकतं.

याचं कारण आपल्याकडच्या माणसाला पटकन कळेल. आपल्या नावात मधे वडिलांचं नाव असतं आणि ते दर पिढीला बदलतं. जुन्या वेल्समध्ये आडनाव नव्हतंच, फक्त हे बदलतं नाव होतं. इव्हानचा मुलगा जॉन म्हणजे जॉन ॲप इव्हान, त्याचा मुलगा डेव्हिड ॲप जॉन. पुढे सरकारी आणि चर्चच्या कागदांसाठी कायमचं आडनाव लावायची रीत आली तेव्हा त्या घडीला बापाचं जे नाव होतं तेच गोठलं. जॉनचा जोन्स झाला, डेव्हिडचा डेव्हिस झाला. 'ॲप' कुठे कुठे नावाला चिकटून राहिला. ह्यूचा प्यू, रिसचा प्राइस, हॅरीचा पॅरी, हवेलचा पॉवेल, ओवेनचा बोवेन. जमीनदार घराण्यांनी हे लवकर केलं, इंग्लंडच्या सीमेजवळच्या भागांनीही लवकर केलं. डोंगराळ पश्चिमेला आणि वायव्येला, शेतकऱ्यांच्या घरांत, ही जुनी रीत अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आणि काही ठिकाणी एकोणिसाव्यातही चालू होती. दोन सख्ख्या भावांनी दोन वेगळी आडनावं लावल्याचीही उदाहरणं भेटतात. बायका लग्नानंतरही बरेचदा माहेरच्याच नावाने ओळखल्या जात.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. 1855 च्या सुमारास जन्मलेल्या डेव्हिडचं 'जोन्स' पक्कं असेल. त्याच्या वडिलांचंही बहुधा असेल. पण आजोबा 'जोन्स' असतीलच असं नाही. ते नोंदींत 'इव्हान जॉन' किंवा 'थॉमस जॉन' म्हणून बसलेले असू शकतात, किंवा आजोबांचंच नाव जॉन आणि आडनाव काही निराळंच. म्हणून सुमारे 1810 च्या मागे गेलात की जोन्स हा शब्द शोधपेटीत टाकणं बंद करा आणि त्या शेतघरात कोण राहत होतं ते शोधा.

लोकांना वेगळं ओळखायची गरज गावकऱ्यांनाही होतीच, आणि त्यांनी ती शेतघराच्या नावाने भागवली. 'डेव्हिड जोन्स, पान्टग्लास' हे मालकाने स्वतःची ओळख लिहिली आहे, ते पत्त्यापेक्षा नावाच्या जास्त जवळ आहे. मात्र पान्टग्लास, म्हणजे साधारण 'हिरवा खळगा', या नावाची घरं वेल्सभर विखुरलेली आहेत. त्यामुळे एवढ्यावरून गाव ठरत नाही, पण गाव ठरलं की माणूस नक्की करायला याच्याइतका चांगला पुरावा दुसरा नाही.

आता सुरुवात कुठून करायची? भारतातून. घाई करून वेल्समध्ये उडी मारू नका. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती दरवर्षी लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस या ब्रिटिश सरकारच्या भारतविषयक खात्याच्या दप्तरात आहेत. मुंबईच्या मालिकेचा क्रमांक एन/3. फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या संकेतस्थळावर त्यांची छायाचित्रं पाहता येतात, आणि फिबिस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेची ब्रिटिशकालीन भारतातल्या कुटुंबांची सूची फुकट आहे. तुमच्याकडे लग्नाचा दाखला असला तरी त्याची ही मूळ नोंद काढाच. घरातला दाखला बहुधा नंतर काढलेला उतारा असतो, आणि साक्षीदारांच्या सह्या नीट पाहायला मूळ पानच लागतं. साक्षीदारांत कुणी वेल्श नावाचा असेल, तर तो बरोबर आलेला गाववाला किंवा भाऊ असू शकतो. त्याचाही शोध घ्या. दुर्मीळ नावाच्या सोबत्याचा माग काढत जोन्सपर्यंत पोचणं हा इथल्या कामातला सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

मग सगळ्या मुलांचे बाप्तिस्मे काढा, फक्त विल्यमचा नको. एकोणिसाव्या शतकात वेल्श लोक मुलांना मधलं नाव म्हणून आजीचं माहेरचं नाव देत, कारण नुसत्या 'विल्यम जोन्स'ने काम भागत नव्हतं. इगतपुरीत लग्न झालेल्या तुमच्या खापरपणजीचं माहेर प्यू नव्हतं, असं तुम्ही लिहिलं आहे. मग प्यू कुठून आलं? डेव्हिडच्या आईचं माहेर, ही सर्वांत सरळ शक्यता. धर्मपित्याचं किंवा एखाद्या पाद्र्याचं नावही असू शकतं, म्हणून ही शक्यताच समजा. दुसऱ्या एखाद्या भावंडाच्या नावातही प्यू निघालं, तर तिचं वजन वाढेल.

रेल्वेच्या बाजूनेही एक दार आहे. 1853 मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी सुरू झाली आणि पुढे थळ घाटातून रेल्वे इगतपुरीवर चढली, तेव्हापासून जीआयपी कंपनी ड्रायव्हर, फिटर, फोरमन विलायतेतून करारावर आणत असे. भारतीय रेल्वे कंपन्यांचे लंडन कचेरीतले कागद इंडिया ऑफिसच्या एल/एजी/46 या मालिकेत आहेत. करारनाम्यात जन्मगाव मिळेलच असं नाही, पण नेमणुकीची तारीख आणि आधीची नोकरी कळली तरी 1881 च्या जनगणनेत माणूस वेल्समध्ये शोधायचा की नाही हे ठरतं. ड्रायव्हर एका दिवसात होत नाही. आधी इंजिन धुणारा, मग फायरमन, मग ड्रायव्हर. म्हणजे भारतात येण्याआधी तो काही वर्षं इकडच्या कुठल्यातरी रेल्वेत असणार. मर्थर ते कार्डिफ टॅफ व्हेल रेल्वे 1841 पासून पूर्ण चालू होती, आणि ब्रिटनमधल्या जुन्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या बऱ्याच नोंदवह्या ॲन्सेस्ट्री या संकेतस्थळावर आहेत.

इथे आजीच्या आठवणीकडे वळते. मर्थर आणि मेंढ्या या दोन गोष्टी तुम्हाला एकमेकींच्या विरोधात वाटल्या. मला त्या एकाच आयुष्याचे दोन टप्पे वाटतात. मर्थर टिडफिल हे लोखंडाच्या भट्ट्यांचं गाव. डाउलेस, कवार्थवा, पेनिडॅरन असे अवाढव्य कारखाने तिथे होते, आणि डाउलेसचे रूळ जगभर जात होते. 1851 मध्ये 46,000 च्या वर वस्ती असलेलं ते वेल्समधलं सर्वांत मोठं शहर होतं. ही वस्ती मुख्यतः आली कुठून? कार्डिगनशायर, कार्मार्थनशायर, ब्रेकनशायर अशा शेतीच्या, मेंढ्यांच्या मुलखातून. मोठ्या भावाकडे शेत राही, धाकटे पोटासाठी मर्थरला किंवा कोळशासाठी रोंडा खोऱ्यात जात. भारतात पोचलेल्या माणसाला कुणी 'कुठला?' विचारलं, तर तो लोकांना माहीत असलेलं शेवटचं मोठं गाव सांगणार. तेव्हा मर्थरला जन्मगाव समजून फक्त तिथल्या नोंदी चाळत बसू नका.

आता वेल्सच्या कागदांत शिरू. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद 1 जुलै 1837 ला सुरू झाली. डेव्हिडचा जन्म तिच्या काळात पडतो. 1875 पर्यंत जन्म न नोंदवल्याबद्दल दंडाची तरतूद नव्हती, त्यामुळे काही जन्म सुटले आहेत, तरी बहुतेक आहेत. यांची सूची फ्रीबीएमडी या संकेतस्थळावर फुकट आहे, पण तिच्यात 1911 च्या आधीच्या जन्मांना आईचं माहेरचं नाव नाही. ते नाव या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या ऑनलाइन सूचीत आहे, 1837 पासून. तुमच्यासाठी हाच कळीचा भाग आहे. तिथे खातं उघडा, आडनाव जोन्स, नाव डेव्हिड, लिंग पुरुष, वर्ष 1855, पुढेमागे दोन वर्षं, आणि आईचं माहेरचं नाव प्यू असा शोध घ्या. एवढ्या एका शब्दाने हजारोंची यादी थेट मूठभरांवर येते. प्यूची इंग्रजी स्पेलिंगं बदलून पाहा, शेवटी 'ई' अक्षर जोडलेलं, किंवा नुसतं ह्यू आणि ह्यूज. दाखल्यातल्या वयावर फार विसंबू नका. 29 लिहिलं असेल तर 27 ते 31 धरा.

प्यू हे आडनाव मध्य वेल्समध्ये, म्हणजे माँटगमरीशायर, मेरियोनेथ आणि कार्डिगनशायरच्या उत्तर भागात, जास्त भेटतं. त्यामुळे उरलेल्या मूठभरांतले त्या भागातले आधी तपासायला घ्या. मात्र बाकीचे फेकून देऊ नका.

यापुढचं काम चिकाटीचं आहे, आणि खरा निकाल त्यातच लागतो. उरलेला प्रत्येक डेव्हिड कागदावर एका ओळीत लिहा आणि त्याला पुढच्या काळात न्या. 1861 आणि 1871 च्या जनगणनेत तो कुठल्या घरात आहे? बालपणीच वारला का? 1891 मध्ये बायकामुलांसह वेल्समध्येच राहतोय का? राहत असेल तर तो इगतपुरीचा ड्रायव्हर असू शकत नाही, त्याच्यावर काट मारा. 1884 च्या आधी वेल्समध्ये त्याचा मृत्यू नोंदलेला असेल तर तोही गेला. असे सगळे काटून एकच उरला, आणि त्याच्याविरुद्ध काही सापडलं नाही, तर तो तुमचा असण्याला जोर येतो. त्या तयार वंशवृक्षातल्या डेव्हिडलाही हीच परीक्षा लावा. 'भारतात गेला' हा शेरा कशावरून लिहिला ते वृक्ष करणाऱ्याला सरळ विचारा. पुरावा जोडलेला नसेल, तर तो शेरा म्हणजे फक्त कुणाचीतरी इच्छा आहे.

जनगणनेचं पान कसं वाचायचं ते नीट सांगते, कारण लोक इथे सूचीवरच थांबतात आणि मूळ पान उघडत नाहीत. समजा 2 एप्रिल 1871 च्या रात्रीचं पान आहे. डावीकडे अनुक्रमांक, मग रस्ता किंवा घराचं नाव, मग माणसांची नावं, कुटुंबप्रमुखाशी नातं, लग्न झालं की नाही, वय, धंदा, आणि उजवीकडे जन्मस्थान, परगणा आणि चर्चच्या हद्दीसह. डोंगराळ भागात रस्ता नसतोच, दुसऱ्या रकान्यात शेतघराचं नाव असतं. तिथे तुम्हाला पान्टग्लास दिसायला हवं. सूचीकारांनी घराचं नाव बऱ्याच ठिकाणी घेतलेलंच नसतं, म्हणून उमेदवाराची चर्चहद्द कळली की त्या हद्दीची सगळी पानं एकेक करून उलटा. दोन-तीन तासांचं काम असतं. कुटुंबप्रमुख 'जॉन जोन्स, शेतकरी, 60 एकर' असा काही लिहिला असेल, शेजारी बायकोचं जन्मस्थान, आणि खाली मुलं. बायकोचं जन्मस्थान टिपून घ्या, प्यूंचं गाव तिथे मिळतं. पानावर एखादा 'पाहुणा' किंवा 'पुतण्या' असेल तर त्याचंही नाव टिपा.

1841 च्या जनगणनेकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नका. तिच्यात नातं दिलेलं नाही, पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवलेली आहेत, आणि जन्मस्थानाच्या जागी फक्त 'याच परगण्यातला का' याचं हो किंवा नाही. मूळ गाव कळायला 1851 पासूनच्या जनगणना लागतात.

पान्टग्लासवर दुसऱ्या बाजूनेही चाल करता येते, आणि मला ती फार आवडते. 1836 च्या कायद्याने चर्चला धान्याच्या रूपात द्यायचा दशांश रोखीत बदलला. त्यासाठी पुढच्या काही वर्षांत जवळजवळ सगळ्या वेल्सची शेतावार मोजणी झाली. प्रत्येक शेताचा मालक, कसणारा, शेताचं नाव, एकर, सगळं लिहिलं आहे. अ‍ॅबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्सने हे हजाराहून जास्त नकाशे 'प्लेसेस ऑफ वेल्स' या संकेतस्थळावर फुकट ठेवले आहेत. तिथे घराचं नाव टाकून शोध घ्या. सगळी पान्टग्लास मिळतील, आणि प्रत्येकाशेजारी 1840 च्या आसपासच्या कसणाऱ्याचं नाव असेल. ज्या पान्टग्लासमध्ये जॉन जोन्स किंवा नुसता कुणी 'जॉन' नावाचा माणूस कसत असेल, ती खूण करून ठेवा. डेव्हिडच्या जन्माला अजून पंधरा वर्षं असतात, कुळंही बदलत, तरी शेत पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहिल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. जन्मसूचीतून आलेल्या यादीतली हद्द आणि नकाशावरची हद्द एकच निघाली, तर तिथे थांबून नीट शोधा.

बहुतेक शेतकरी मालक नव्हते, मोठ्या जमीनदारांची कुळं होती. उदाहरणार्थ कार्डिगनशायरमधल्या गोगर्थन आणि नॅन्टेओस या दोन इस्टेटींची दप्तरं अ‍ॅबरिस्टविथलाच आहेत. खंडाच्या वह्यांत दरवर्षी शेताचं नाव आणि कुळाचं नाव असतं. जुने पट्टे अनेकदा तीन माणसांच्या हयातीपर्यंतचे असत, आणि त्या तिघांची नावं व वयं पट्ट्यात लिहिलेली असत: बाप, आई, मुलगा. जिथे चर्चची नोंद हरवली आहे तिथे या पट्ट्याने पूर्ण पिढी जोडून दिल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे.

चर्चच्या नोंदींबद्दल एक गोष्ट आधी लक्षात घ्या. घरात वेल्श बायबल आहे, म्हणजे घर चॅपलचं, सरकारी चर्चबाहेरच्या पंथाचं, असण्याची शक्यता मोठी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वेल्सचे बहुसंख्य उपासक सरकारी चर्च सोडून मेथॉडिस्ट, स्वतंत्र मंडळी आणि बॅप्टिस्ट यांच्या चॅपलांत जात होते. बॅप्टिस्ट तर तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देतच नाहीत. म्हणून गावच्या चर्चच्या वहीत डेव्हिड नाही यावरून तो त्या गावचा नाही असं ठरवू नका. 1837 पर्यंतच्या चॅपलांच्या बऱ्याच वह्या सरकारने गोळा केल्या, त्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आरजी 4 या मालिकेत आहेत. त्यानंतरच्या वह्या चॅपलांकडे राहिल्या. काही अ‍ॅबरिस्टविथला किंवा परगण्याच्या अभिलेखागारात पोचल्या, पुष्कळ हरवल्या. मात्र 1754 ते 1837 या काळात क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना लग्न सरकारी चर्चमध्येच करावं लागे. त्यामुळे कट्टर चॅपलवाल्या घराचीही त्या काळातली लग्नं चर्चच्या वहीत आहेत. डेव्हिडच्या आजोबा-आजीचं लग्न तिथे शोधा. 1813 पासून बाप्तिस्म्याची वही छापील नमुन्याची झाली, तिच्यात वडिलांचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण असतं. ठिकाणाच्या रकान्यात पुन्हा शेतघराचं नाव. ज्या हद्दीची वही फाटली किंवा हरवली असेल, तिथे बिशपकडे पाठवलेली वार्षिक प्रत पाहा. वेल्सच्या या प्रती अ‍ॅबरिस्टविथला आहेत, आणि फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर पुष्कळ सामग्री खर्च न करता मिळते.

मृत्युपत्रं विसरू नका. मेंढ्या आणि अवजारं एवढीच मालमत्ता असलेला शेतकरीही मृत्युपत्र करत असे. 1858 च्या आधीची वेल्सची सुमारे 1,90,000 मृत्युपत्रं नॅशनल लायब्ररीने फुकट खुली केली आहेत. तुमच्या जॉन जोन्सचा मृत्यू बहुधा त्यानंतरचा असेल. त्यासाठी 1858 पासूनची वर्षवार सूची आहे, तिच्यात मृताचं गाव आणि शेतघर बहुधा लिहिलेलं असतं, मग प्रत मागवायची. 'माझा मुलगा डेव्हिड, सध्या हिंदुस्थानात' अशी एक ओळ मिळाली तर बाकी सगळ्या तर्कांची गरज संपते. अशा ओळी खरंच मिळतात.

वर्तमानपत्रांतही तसंच. 'वेल्श न्यूजपेपर्स ऑनलाइन' या फुकट संकेतस्थळावर 1919 पर्यंतची अकरा लाखांच्या आसपास पानं आहेत, इंग्रजी आणि वेल्श दोन्ही. शोधताना जोन्स टाकू नका. 'पान्टग्लास' आणि 'इंडिया', किंवा 'इगतपुरी' आणि 'बॉम्बे' असं टाका. इगतपुरीची इंग्रजी स्पेलिंगं त्या काळी बदलत, सगळी करून पाहा. मर्थर-अ‍ॅबरडेअर भागातलं 'तारियन ई ग्वेथिउर' आणि सर्वत्र जाणारं 'बानेर' ही वेल्श पत्रं परदेशी गेलेल्या मुलांच्या बातम्या आवडीने छापत. वेल्श येत नसलं तरी नावांवरून ओळ सापडते, आणि वाक्य एखाद्या इथल्या स्वयंसेवकाला दाखवता येतं.

परगण्यांचा घोळ टाळण्यासाठी थोडं सांगते. आजचा नकाशा बाजूला ठेवा. जुन्या नोंदी 1974 च्या आधीच्या तेरा परगण्यांवर आहेत, मॉन्मथशायर त्यात धरून, आणि मॉन्मथशायर बऱ्याच याद्यांत इंग्लंडखाली सापडतं. जन्मनोंदणीचे जिल्हे परगण्यांच्या सीमा पाळत नाहीत. न्यूकॅसल एमलिन जिल्ह्यात तीन परगण्यांची गावं होती. गावांची नावंही पुन्हा पुन्हा येतात. लानव्हिहँगल म्हणजे मायकेलचं चर्च, अशी गावं वेल्सभर आहेत, म्हणून पूर्ण जोडनाव लिहून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

डीएनएबद्दल तुम्ही शेवटी विचारलं होतंत. आजी हयात असतील आणि त्यांची इच्छा असेल, तर चाचणी त्यांचीच करा. डेव्हिड त्यांचे आजोबा, म्हणजे त्यांच्यात सरासरी 25 टक्के वाटा. तुमच्यात तो सरासरी 6.25 टक्क्यांवर येतो. चाचणीने 'वेल्श' असा टक्का आला तर तो बाजूला ठेवा, त्याने गाव कळत नाही. उपयोग होतो तो जुळणाऱ्या नातलगांच्या यादीचा. त्या यादीत मध्य वेल्समधल्या प्यू घराण्याचे वंशज दिसू लागले, तर कागदावरच्या तर्काला स्वतंत्र आधार मिळतो. कागदाचं काम आधी झालेलं नसेल तर मात्र त्या यादीतल्या जोन्सांचं काय करायचं ते कळणार नाही.

गाव ठरलं की त्या परगण्याच्या कुटुंब-इतिहास संस्थेला लिहा. ग्लॅमॉर्गन, डिव्हेड, कार्डिगनशायर, पॉविस, ग्विनेड, क्लुईड, ग्वेंट अशा प्रत्येक भागाची संस्था आहे. त्यांच्या स्वयंसेवकांनी गावोगावच्या चर्च आणि चॅपलांच्या थडग्यांवरचे लेख उतरवून ठेवले आहेत. वेल्श थडग्यावर मृताच्या नावाशेजारी शेतघराचं नाव कोरायची पद्धत फार पक्की आहे, आणि परदेशात वारलेल्या मुलाचं नाव आईबापाच्या दगडावर खाली जोडलेलंही दिसतं. पत्रात लांबलचक कहाणी नको. 'चर्चहद्द अमुक, घर पान्टग्लास, जॉन जोन्स आणि पत्नी, माहेर बहुधा प्यू, साधारण 1840 ते 1900, मुलगा डेव्हिड मुंबई इलाख्यात' एवढं द्या आणि थडग्याची नोंद आहे का ते विचारा. लोक मनापासून मदत करतात, बरेचदा स्वतः जाऊन दगडाचा फोटो काढून पाठवतात.

तोवर एक काम लगेच करा. बायबलच्या सगळ्या कोऱ्या पानांचे, जुन्या आणि नव्या कराराच्या मधल्या पानांचे, आणि आतल्या पुठ्ठ्यांचे दिवसाच्या उजेडात, तिरप्या प्रकाशात फोटो काढा. वेल्श घरांत जन्म-मृत्यूच्या तारखा त्या मधल्या पानांवर लिहीत, आणि फिकी शाई तिरप्या उजेडात वाचता येते. आतलं शीर्षकाचं पानही घ्या, छापल्याचं गाव आणि साल हवं आहे. बायबल 1855 च्या बरंच आधीचं निघालं, तर ते डेव्हिडला घरातूनच मिळालेलं असणार, आणि त्यात त्याच्या आधीच्या कुणाची सही असण्याची शक्यता आहे. फोटो इथेच टाका. साल आणि हस्ताक्षर पाहून कुठल्या पान्टग्लासपासून सुरुवात करायची ते सांगते.